पेटीला चिप लावून काय होणार?

आंबा सुरू झाला की आमच्या देवगडच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो: आंबा झटपट पिकवायला कार्बाइडची पूड घालतं कोण? बागायतदार म्हणतो वाशीचा व्यापारी. व्यापारी म्हणतो, गिऱ्हाइकाला पाडव्यालाच पिवळाधमक आंबा हवा. यंदा त्यात कार्बन नॅनोट्यूबचा सेन्सर आला. पेटीला चिप लावा, कार्बाइड घातलंय का ते मोबाइल सांगेल. 'तुमच्याकडे तर हे असेलच,' असं मलाच सुनावण्यात आलं. मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे कुणी चिप लावून फळ घेत नाही.

तंत्र खोटं नाही. केसाहून हजारो पटींनी बारीक अशा या कार्बनच्या नळ्या. वायूचा रेणू चिकटला की त्यांचा विद्युतरोध बदलतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ टिमोथी स्वॅगर यांच्या गटाने २०१२ मध्ये नळ्यांसोबत तांब्याचं संयुग वापरून पिकत्या फळातून आपोआप सुटणारा इथिलीन वायू पकडला होता. पण आपली गोष्ट वेगळी. पेंढ्यातल्या कार्बाइडच्या पुडीला ओल लागली की सुटतो ॲसिटिलीन वायू, सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश. इथिलीनने पिकवायला आपल्याकडे कायद्याने परवानगी आहे, कार्बाइडला बंदी. म्हणजे चिपने इथिलीन आणि ॲसिटिलीन या दोन सख्ख्या भावंडांतला फरक ओळखायचा, तोही मे महिन्यातल्या देवगडच्या दमट हवेत, जिथे नुसत्या बाष्पानेही आकडा हलतो. आणि गिऱ्हाईक पेटी उघडेपर्यंत वायू उडून गेलेला असतो!

इथे नेदरलँड्समध्ये धाक आहे तो कागदाचा. फळात उरलेल्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर किलोला ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा. प्रयोगशाळेत माल नापास झाला आणि धोका दिसला की युरोपीय संघाच्या सूचना-यंत्रणेत माल आणि देश यांची नोंद होते, ती कुणीही वाचावी. २०१४ मध्ये फळमाशीमुळे आपल्या हापूसवर बंदी आली तेव्हा गावात 'गोऱ्यांचा डाव' म्हणून किती आरडाओरडा झाला! ती २०१५ च्या सुरुवातीला उठली, आपली तपासणी आणि प्रमाणपत्रं सुधारल्यावर.

मासळीचंच बघा. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने मासळी ताजी दिसावी म्हणून वापरलेलं फॉर्मेलिन आणि अमोनिया ओळखणाऱ्या स्वस्त कागदी पट्ट्या केल्यात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या लिलावात त्या मागणारं कुणी मला तरी भेटलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं, सेन्सर आणायचाच तर गिऱ्हाइकाच्या खिशात नको, पिकवणीच्या बंद खोलीत बसवा. वायू तिथेच कोंडलेला असतो. आणि आकडा चढला तर गाळ्याचं नाव त्याच दिवशी बाजार समितीच्या फळ्यावर लागू दे. बागायतदाराला बोल लावणारे निम्मे मेसेज तरी त्याने थांबतील.