विविधता शिकवायला निघालेत!

आज जव्हार तालुक्यात एका पोषण कार्यक्रमाला गेले होते. भिंतीवर सफरचंद, द्राक्षं, ब्रोकोलीचं पोस्टर. पाहुण्या बाई माईकवरून वारली बायकांना सांगताहेत, "नुसता भात खाऊ नका, आहारात विविधता आणा." डोकंच फिरलं माझं.

समोर खाली बसलेल्या एका मावशींकडे मी जेवलेय. पावसाच्या तोंडावर शेवळं ही रानभाजी निघते, तेव्हा. त्यांनी आतला पिवळा भाग खुडून टाकला, काकडं ही आंबट रानफळं ठेचून त्यांचा रस भाजीत घातला. "काकड नाय टाकला तर घसा धरतो." एवढं बारीक ज्ञान असलेल्या बाईला आपण आहार शिकवणार? पावसाळाभर त्यांच्या घरात टाकळा, कुर्डू, लोत, अळंबी, खेकडे, खाचरातले मासे. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीवर नागली, वरई, उडीद, खुरासणी. माझ्या फ्लॅटमधल्या फ्रीजमध्ये याच्या निम्मंही नसतं.

कुपोषण आहे, मान्य. 1992 चं वावर-वांगणी, कुपोषणाने गेलेली ती पोरं, इथलं कुणी विसरलेलं नाही. अंगणवाडीतलं अंडंही हवंच.

पण याच मावशी फाल्गुनात कुठे असतात, ते विचारलं का कुणी? दिवाळी सरली की वीटभट्टीवर, भिवंडीकडे. तिथेही भेटलेय मी त्यांना. विटांची चूल, भात आणि बटाट्याचं पाणचट कालवण. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, हातात आठवड्याची खर्ची, त्यात तेल-मीठ भागवायचं. आसपास ना रान, ना परसातला शेवगा. बाई तीच, अक्कल तीच! मग ताट रिकामं झालं ते अडाणीपणामुळे?

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना 2020 ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा गावठी बियाण्यांसाठी आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खऱ्या होत्या, माझ्याही. पण बी पेरणारं घर वर्षातले कितीतरी महिने गावाबाहेर असेल, तर परसबाग राखणार कोण? रानभाज्या महोत्सव भरवा, जरूर भरवा. मला आवडतात ते. फक्त त्याने भट्टीवरच्या पोराच्या ताटात काही पडत नाही.

कार्यक्रमानंतर मावशी जवळ येऊन बसल्या. त्यांना रागबिग काही नव्हता. "यंदा काम गावातच मिळलं तर नाय जायाची," एवढंच म्हणाल्या.

तालुक्यातल्या मित्रमैत्रिणींनो, रोजगार हमीच्या कामाची मागणी आत्तापासून लेखी भरून घ्या. घरोघर जाऊन, तारखेची पोचपावती घेऊनच. दिवाळीनंतर धावपळ करून उपयोग नाही, तोवर भट्टीसाठी मजूर नेणारा मुकादम उचल देऊन गेलेला असतो.