खानावळ, पोरं आणि आचारी

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर सदाशिव पेठेतली एक जुनी खानावळ बंद झाल्याची बातमी आली. मालकांची दोन्ही मुलं जर्मनीत. "पोरांनी बापाचं नाव बुडवलं," असं एका काकांनी लिहिलं आणि त्याखाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागली. मी त्या खानावळीचा तीन वर्षं मेंबर होतो. आता अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये राहतो. त्या मुलांना लागलेला बोल मलाही लागला.

घरापासून वीस मिनिटांवर न्यू हेवन आहे. तिथल्या वूस्टर स्ट्रीटवर फ्रँक पेपे यांनी १९२५ मध्ये पिझ्झाचं दुकान काढलं. इटलीतल्या मायोरी गावचा हा माणूस १९०९ मध्ये इकडे आला आणि बेकरीत राबला. पत्नी फिलोमेना दुकानात बरोबरीनं उभी राहिली. पुढे दोन मुलींनी ते सांभाळलं, मग नातवंडांनी. इथले जुने लोक पिझ्झाला अजून नेपल्सच्या बोलीतलं 'अबीट्झ' म्हणतात. दगडी कोळशाची अवाढव्य भट्टी, लांबलचक दांड्याचा लाकडी फावडा, आणि ट्रेमधल्या कागदावर येणारा वेडावाकडा पिझ्झा. कडेला काळे डाग असतात, तिथेच खरी चव. नुसता टोमॅटोचा मागितला तर वर थोडं किसलेलं चीज भुरभुरलेलं असतं. मोझरेला हवं तर वेगळं सांगायचं. शिंपल्यांचा पांढरा पिझ्झा इथलाच. तिसऱ्यांदा खाल्ल्यावर मला तो समजला.

"आमची कोठेही शाखा नाही" ही पाटी आपल्याकडे अभिमानानं लागते. पेप्यांनी गावाबाहेर पहिली शाखा काढली ती २००६ मध्ये, म्हणजे ८१ वर्षांनी. तिथेही कोळशाचीच भट्टी बांधली.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याच रस्त्यावरचं दुसरं दुकान, सॅलीज. पेप्यांच्या भाच्यानं, साल्वातोरे कॉन्सिलिओनं, ते १९३८ मध्ये काढलं. त्यांच्या मुलांनी काही वर्षांपूर्वी ते बाहेरच्या गुंतवणूकदारांना विकलं. लोक हळहळले, जुनी चव राहील का म्हणून वादही घातले. पण भट्टी विझली नाही, रांग आजही लागते. एकाच रक्ताची दोन घरं, एकानं धंदा घरात ठेवला, दुसऱ्यानं सोडला, आणि चालू दोन्ही आहेत.

आपण सगळा भार मुलावर टाकतो. त्यानं गल्ल्यावर बसायचं, नाहीतर कुलूप लावायचं. मधली वाट कुणी शोधतच नाही. त्या खानावळीत आमटी मालक करत नव्हते. ती करायचे कोकणातले एक आचारी. मी मेंबर झालो तेव्हा त्यांना तिथे वीस वर्षं झाली होती. रविवारच्या फीस्टला मसालेभाताचं पातेलं ते एकटे उतरवायचे. मीठ मापून घालताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मुलांना जमणार नव्हतं हे दहा वर्षं आधी दिसत होतं. तेव्हाच या माणसाला भागीदारी दिली असती तर? जात, घराणं, "आपला माणूस" हे सगळं आड येतं, आणि मग आपण जर्मनीतल्या पोरांना दोष देतो.

मी शेवटी ग्रुपवर एवढंच विचारलं, की आचारी आता कुठे आहेत. दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही. मग काकांनी विचारलं, "त्यांचं नाव काय होतं रे?" मलाही ते ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो.