हर्निया पट्ट्याने बुजतो? पट्टे विकणाऱ्याचं उत्तर

महिन्याभरात हा मेसेज मला पाच जणांनी पाठवला. सहाव्याने दुकानात येऊन मोबाईलच काउंटरवर ठेवला. मजकूर थोडक्यात असा: ‘जांघेचा हर्निया ऑपरेशनशिवाय बरा! सहा महिने पट्टा घट्ट बांधा, रोज पवनमुक्तासन करा, भोक आपोआप बुजतं. ऑपरेशन म्हणजे नुसता धंदा. जाळी अंगात सडून कॅन्सर होतो. बायकांना हा त्रास होतच नाही. दुखलं तर गाठ जोराने दाबून आत ढकला.’

माझं वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळ औषधांचं दुकान आहे. गुजराती गिऱ्हाईक ‘सारणगांठनो पट्टो आपो’ म्हणतं, आपलं माणूस इकडेतिकडे बघून हळूच ‘जांघेचा पट्टा आहे का?’ विचारतं. माल एकच. म्हणजे मेसेज खरा ठरला तर फायदा माझाच. तरी सांगतो.

आधी पट्टा. जांघेत पोटाच्या भिंतीतून एक अरुंद वाट जाते. मुलग्याचे वृषण जन्माआधी पोटातून याच वाटेने खाली उतरतात. कुणाची ही वाट नीट मिटतच नाही, कुणाची भिंत उतारवयात सैल पडते. त्यात जुना खोकला, रोजचं कुंथणं. मग चरबी नाहीतर आतड्याचं वेटोळं तिथून बाहेर येतं. पट्टा ते बाहेरून दाबून धरतो, एवढंच. सोडला की गाठ पुन्हा हजर. माझ्याकडे एक आजोबा आहेत, त्यांनी आजवर चार पट्टे झिजवले, गाठ आहे तिथेच आहे.

‘मग आजीने बाळाच्या बेंबीवर नाणं बांधलं आणि हर्निया गेला, तो कसा?’ हे मला नेहमी विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. बेंबीचा हर्निया बहुतेक बाळांत चार-पाच वर्षांपर्यंत आपला आपण मिटतो. नाव नाण्याचं झालं. जांघेचा तसा मिटत नाही. तान्ह्या बाळालासुद्धा त्याचं ऑपरेशन लागतं, आणि तेही लवकर.

पवनमुक्तासनाचं म्हणाल, तर जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात राहून व्यायामाविरुद्ध बोलायची माझी प्राज्ञा नाही. पण विरलेला पडदा व्यायामाने पुन्हा विणला जात नाही.

‘नुसता धंदा’ या आरोपात मात्र अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो पटतो. 2006 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फारसा त्रास नसलेले 720 पुरुष त्यात होते. काहींचं लगेच ऑपरेशन केलं, काहींवर नुसतं लक्ष ठेवलं. थांबलेल्यांत आतडं अचानक अडकल्याचे प्रसंग अगदी विरळ निघाले. म्हणजे त्रास नसलेल्या पुरुषाने सर्जनला दाखवून, त्याच्या सल्ल्याने थांबणं हा वेडेपणा नाही. पण दहा वर्षांनी पाहिलं, तर थांबलेल्यांतल्या जवळपास दोन-तृतीयांश जणांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं होतं, निम्म्याहून अधिकांनी दुखणं वाढलं म्हणून. कुणाचं पट्ट्याने ‘बुजल्याची’ गोष्ट त्यात नाही.

आता जाळी. 1887 साली इटलीत बास्सिनी या सर्जननी आपली पद्धत मांडली, तीत भिंत टाके घालून ओढून शिवायची. ताण पडायचा, हर्निया परतायचा. 1980च्या दशकात अमेरिकेत लिक्टेनस्टाईन या सर्जननी ताण न देता वरून जाळी बसवायची रीत रूढ केली आणि परतण्याचं प्रमाण बरंच घटलं. जाळी बहुधा पॉलिप्रोपिलीनची असते. त्याच प्लास्टिकचे टाकेही सर्जन वापरतात. ती सडत नाही, आपलेच तंतू तिच्यात वाढून ती पक्की होते. कॅन्सरच्या भीतीला आधार नाही. खरी तक्रार वेगळी आहे, ती मेसेजवाल्याला माहीतच नाही: काही जणांना ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने जांघ दुखत राहते. क्वचित जंतुसंसर्ग होतो. हे सर्जनला आधी विचारा. जाळी नकोच असेल तर तेही विचारा. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांची पद्धत रुग्णाच्याच पोटातल्या पडद्याची पट्टी वापरते.

बायकांना कमी होतो, पण होतो. जांघेच्या जरा खाली, मांडीच्या मुळाशी येणारा प्रकार त्यांच्यात पुरुषांपेक्षा जास्त, आणि अडकण्यात तोच पुढे. लाजेपायी दाखवत नाहीत, हे वर.

‘जोराने ढकला’ हे वाचून मात्र मला घाम फुटला. आडवं झाल्यावर मऊ गाठ आपसूक आत जाते, तिची गोष्ट वेगळी. गाठ कडक झाली, आत जाईना, कळा येताहेत, उलट्या होताहेत, वारा सरत नाही, म्हणजे आतडं अडकलंय. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत तो भाग मरतो. तेव्हा ढकलायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही, मध्यरात्र असली तरी रिक्षा करून सरळ इमर्जन्सीत जायचं.

पट्टे मी अजूनही विकतो. ऑपरेशनची तारीख लांब असते, कुणाला हृदयाच्या दुखण्यामुळे थांबावं लागतं, तोवर डॉक्टर सांगतात त्यांना देतो. बाकीच्यांना आधी एकच विचारतो, ‘आडवं झाल्यावर गाठ आत जाते का?’ ‘नाही’ म्हणाले, तर पट्टा कपाटातच राहतो आणि मी बाहेर येऊन रिक्षाला हात करतो.