उत्तरमुखी घर आणि चाळीस नंबरचा उपग्रह

मोबाइलवाल्यांचं बरं असतं. नकाशा उघडला की निळा ठिपका दिसतो, ठिपका म्हणेल तिथे आपण आहोत, विषय संपला. तो ठिपका कोणाच्या सांगण्यावरून तिथे बसला, सांगणाऱ्याला स्वतःला कितपत खात्री होती, असल्या चौकशा कोणी करत नाही. हातात धरायचं जुनं जीपीएस यंत्र मात्र वेगळ्या वळणाचं. चालू केलं की आधी सगळे साक्षीदार हजर करतं. एक मोठं वर्तुळ, त्याच्या पोटात लहान वर्तुळ, त्यांवर विखुरलेले उपग्रहांचे आकडे आणि खाली त्यांच्या सिग्नलचे कमी-जास्त उंचीचे खांब. शहाणी माणसं हे पान बघत नाहीत, बटण दाबून पुढे जातात. माझे मामा पुढे गेले नाहीत.

मामांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग. शेजारच्या आबांनी बांध कोरला असं मामांचं म्हणणं, मामांनीच कोरला असं आबांचं. भांडण दोन फुटांचं. सरकारी मोजणीचा अर्ज केलेला होता, पण तारीख येईपर्यंत मामांना दम निघेना. त्यांनी कुठून तरी सेकंडहँड यंत्र पैदा केलं आणि थेट नाशिकला माझ्याकडे आणलं. आमच्या खानदानात औषधाच्या बाटलीपासून विम्याच्या कागदापर्यंत इंग्रजीत काहीही लिहिलेलं असलं की ते माझ्यासमोर ठेवतात.

आमचा फ्लॅट इंदिरानगरात, बाल्कनी उत्तरेला. उत्तरमुखी म्हणून बिल्डरने चौरस फुटामागे जादा पैसे लावले होते आणि आम्ही ते हसत दिले होते. तिथे उभं राहून यंत्र चालू केलं. मोठं वर्तुळ म्हणजे क्षितिज, आतलं म्हणजे ४५ अंशांची उंची, मधोमध म्हणजे बरोबर डोक्यावर. सगळे आकडे वर्तुळाच्या खालच्या अर्ध्यात, म्हणजे दक्षिणेला, म्हणजे आमच्या बेडरूमच्या भिंतीमागे. समोर उत्तरेला शुकशुकाट.

यात यंत्राचा काही दोष नाही. जीपीएसच्या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे ते ५५ अक्षांशाच्या पलीकडे जातच नाहीत. नाशिक २० अक्षांशावर. इथून थेट उत्तरेला बघितलं, तर क्षितिजापासून साधारण ४५ अंशांपर्यंतच्या आभाळात जीपीएसचा एकही उपग्रह जन्मात फिरकत नाही. कुबेर त्या दिशेला राहतो म्हणतात. असेल. त्याच्याकडे ट्रान्समीटर नाही.

"स्वयंपाकघर आग्नेयेला आहे ना, तिकडे न्या," बायको म्हणाली. वास्तुशास्त्राचा एवढा रोकडा उपयोग मी प्रथमच पाहिला. खिडकीत कोथिंबिरीच्या कुंडीशेजारी यंत्र ठेवताच खांब उगवू लागले. पण पोकळ.

पोकळ खांब हे मामांच्या सहनशक्तीपलीकडचं प्रकरण निघालं. उपग्रहाचा आवाज ऐकू येतोय, पण तो नेमका कुठे आहे याची माहिती अजून पूर्ण उतरलेली नाही, असा त्याचा अर्थ. ही माहिती सेकंदाला ५० बिट या गतीने येते. एका फेऱ्याला ३० सेकंद लागतात. मध्ये कोणी आडवं आलं आणि तुकडा हुकला, की तो पुढच्या फेऱ्यात. मामांची सगळी तालीम मोबाइलच्या रेंजवर झालेली. रेंज नसली की चालायचं, गच्चीवर जायचं, हात वर करायचा. दर वीस सेकंदांनी ते यंत्र उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेत आणि खांब पुन्हा पोकळ होत.

"मामा, एका जागी ठेवा."

"अरे, पण इथे येत नाहीये ना!"

"तुम्ही हलवताय म्हणून येत नाहीये."

"मग हलवल्याशिवाय येणार कसं?"

त्यात यंत्र बरीच वर्षं कोणाच्या तरी कपाटात पडून होतं. कुठला उपग्रह कधी उगवतो याचं त्याच्याजवळचं वेळापत्रक शिळं झालेलं. ते सगळं आभाळातून नव्याने उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात. तेवढ्यात दोन चहा झाले.

खांब अखेर भरले. मामांनी चष्मा लावला. "हा चाळीसवर आहे, हा तीसवर. म्हणजे ह्याला पंचाहत्तर टक्के." मी सांगितलं की हे डेसिबलचे आकडे आहेत, चाळीसच्या तुलनेत तीस म्हणजे एक दशांश. मामांच्या चेहऱ्यावर, बेदाण्याचा भाव पडल्यावर येतो तो भाव आला. पण तो तीसवाला बिचारा सुमारे २०,२०० किलोमीटरवरून बोलत असतो, आणि इथे पोचेपर्यंत त्याचा सिग्नल आजूबाजूच्या गोंगाटाच्याही खाली गेलेला असतो. तरी यंत्र तो उपसून काढतं. त्या मानाने तीस म्हणजे पुष्कळच.

समोरच्या इमारतीच्या काचांनी आणखी मौज केली. सिग्नल काचेवर आपटून वळसा घेऊन आला की यंत्राला अंतर जास्त वाटतं. ओट्यावर ठेवलेलं ते यंत्र बसल्या बसल्या समोरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन आलं आणि वर त्याने जाण्यायेण्याची रेघही काढून ठेवली.

मग मामा पानावर रमले. उपग्रहांचे नंबर त्यांना नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरच्या गाड्यांसारखे पाठ झाले. फरक एवढाच की हे उपग्रह रोज जवळपास चार मिनिटं लवकर त्याच जागी येतात, आणि असला गुन्हा एसटीने कधी केल्याचं ऐकिवात नाही. रात्री फोन यायचा, "एकवीस गेला, पण आठ आला." कामावर असताना फोन यायचा, "एचडॉप तीनच्या वर गेलाय, काय करू?" एचडॉप म्हणजे उपग्रहांच्या मांडणीमुळे जागेतली चूक किती वाढते याचा आकडा, कमी तितका चांगला. करायचं काहीच नसतं. सगळे उपग्रह आभाळाच्या एकाच कोपऱ्यात गोळा झाले की खांब कितीही उंच असोत, एचडॉप वाढतो आणि जागा धड ठरत नाही. ते पांगेपर्यंत थांबायचं. हे मी समजावलं, तर मामा म्हणाले, "मग तू शिकलास कशाला?"

शेवटी शेतावर जावं लागलं. द्राक्षाच्या मांडवाखाली, नुकत्याच फवारलेल्या ओल्या पानांत, खांब निम्मे झाले. ओला पाला हा सिग्नल शोषतो. उघड्या बांधावर आलो तशी यंत्राला तरतरी आली. खांबांवर एकेक डी उमटला.

"डी म्हणजे डिफेक्ट?"

"नाही मामा, दुरुस्ती मिळाली. 'गगन'कडून." इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभी केलेली ही व्यवस्था विमानांसाठी आहे. तिचे भूस्थिर उपग्रह जीपीएसमधल्या चुका किती आहेत ते कळवत राहतात. जुन्या यंत्रांत ते ४० आणि ४१ या नंबरांनी दिसतात आणि जागचे हलत नाहीत. आपल्या देशाचा, शिवाय जागेवर थांबणारा, म्हणून चाळीस नंबरवर मामांचा जीव जडला. तो दिसल्याखेरीज ते कोपऱ्याच्या दगडाला हातही लावेनात.

आबा तोवर बांधाच्या पलीकडे येऊन उभे राहिले होते. मामांनी विजयी मुद्रेने यंत्र त्यांच्यापुढे धरलं. पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: अचूकता, ३ मीटर.

"तीन मीटर म्हणजे?" आबांनी मला विचारलं.

"दहा फूट. इकडे किंवा तिकडे."

आबांनी दोन फुटांच्या बांधाकडे पाहिलं, मग मामांकडे. "मग ते दहा फूट कोणाचे धरायचे?"

"मशीन खोटं बोलतंय का रे?" मामांनी मला बाजूला घेतलं.

"खरं बोलतंय, म्हणूनच तर पंचाईत आहे."

दुसरं कुठलं साधन दहा फुटांची चूक इतक्या शांतपणे स्वतःच्या तोंडाने सांगतं? आबांनी आणि मामांनी तर दोन फुटांबद्दल कधी 'अंदाजे' हा शब्दही वापरला नव्हता.

पुढे मोजणीची तारीख आली. मोजणीदार रोव्हर, म्हणजे काठीवर बसवलेलं मोजणीचं यंत्र, घेऊन आले. हा पाहुणा निराळाच. जमिनीवरच्या कायम केंद्रांकडून क्षणोक्षणी दुरुस्ती घेऊन सेंटिमीटरपर्यंत जाणारा. काठी सरळ आहे ना हे सांगणाऱ्या बुडबुड्यावर नजर ठेवून साहेब कोपऱ्यावर उभे राहिले. गावातली निम्मी मंडळी बांधावर. कोणी बोलेना. मामा दोन पावलं पुढे झाले आणि हात मागे बांधून म्हणाले, "एचडॉप किती आहे, साहेब?"

साहेबांनी मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पॉइंट सात."

मामा आबांकडे वळले. "चांगला आहे."

"चांगला म्हणजे," आबांनी विचारलं, "कोणासाठी?"