फ्लोरेन्समध्ये हरणाऱ्याला जागा नव्हती

मध्ययुगीन फ्लोरेन्सचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते: ज्या शहरात दर दोन महिन्यांनी कारभारी बदलत होते, तिथे दुफळी माजणारच. मला हे निदान पटत नाही. त्या नगरराज्याची घटना विचारपूर्वक घडवलेली होती आणि तिचे दुखणे वेगळेच होते, असे माझे ठाम मत आहे.

१२८२ साली व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या गिल्डांनी, म्हणजे व्यवसाय-संघांनी, प्रायरांचे म्हणजे शहराच्या मुख्य कारभाऱ्यांचे मंडळ सत्तेवर आणले. लवकरच त्यांची संख्या सहा झाली आणि मुदत दोन महिने ठरली. सुरुवातीच्या काळात हे प्रायर बादिया मठाजवळच्या एका दगडी बुरुजात एकत्र राहत, तिथेच जेवत आणि झोपत, जेणेकरून बड्या घराण्यांच्या धमक्या त्यांच्यापर्यंत पोहोचू नयेत. न्यायदानासाठी पोदेस्ता नेमला जाई. तो मुद्दाम परगावचा असे, म्हणजे निकाल देताना त्याच्यापुढे ना सोयरा उभा राहावा ना भाऊबंद. १२९३ च्या न्यायविषयक अध्यादेशांनी सरदार घराण्यांना प्रायरपदाचे दार बंद केले. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या कुळाला जबाबदार धरण्याची त्यातली तरतूद मला अन्यायाची वाटते. पण शहर कोणा एका घराण्याच्या मुठीत जाऊ नये, ही त्यामागची तळमळ खरी होती.

मात्र जो पक्ष हरला त्याने शहरातच राहून आपले म्हणणे कसे मांडायचे, याची सोय या घटनेत कुठेच नव्हती. हरणे म्हणजे घरदार सोडणे, हीच रीत पडून गेली होती. १२६७ साली पोपच्या बाजूचे ग्वेल्फ परतले आणि सम्राटाच्या बाजूच्या गिबेलिनांना बाहेर पडावे लागले, तेव्हा जप्त मालमत्तेचे तीन वाटे झाले: एक नगराचा, एक नुकसान सोसलेल्या ग्वेल्फांचा आणि एक खुद्द ग्वेल्फ पक्षाच्या तिजोरीचा. माझ्या मते खरी मेख इथे आहे. विरोधकाच्या हद्दपारीतून पक्षाला जमिनी आणि घरे मिळू लागली, की तो परत यावा असे कोणाला वाटणार?

पुढे ग्वेल्फांतच काळे आणि पांढरे असे तट पडले. काळ्यांचे पुढारी दोनाती, त्यांचे घराणे जुने; पांढऱ्यांचे पुढारी चेर्की, त्यांचा पैसा नवा. १ मे १३०० रोजी सांता त्रिनिता चौकात वसंतोत्सवाचा नाच चालू असताना दोन्हीकडचे घोडेस्वार तरुण भिडले आणि रिकोव्हेरिनो चेर्कीचे नाक कापले गेले. त्या जूनमध्ये प्रायर झालेल्यांत कवी दान्तेही होता. कोणाचीही बाजू न घेता दोन्ही तटांच्या म्होरक्यांना शहराबाहेर पाठवण्यात आले. त्यांत दान्तेचा जिवलग मित्र, कवी ग्विदो काव्हाल्कान्ती हाही होता. सार्झाना इथे तो आजारी पडला आणि परत आल्यावर ऑगस्टमध्ये वारला. निःपक्षपाती राहू पाहणाऱ्या मंडळाच्या हातीही हद्दपारीवाचून दुसरा उपाय नव्हता, हे मला फार क्लेशदायक वाटते.

१३०१ च्या शरद ऋतूत प्रायर असलेल्या दिनो कोम्पान्यी याने दोन्ही पक्षांना पदे वाटून देण्याचा प्रयत्न केला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच प्रयत्न, कारण विरोधकालाही कारभारात बसवण्याचा विचार त्यात होता. पण तोवर फार उशीर झाला होता. १ नोव्हेंबरला फ्रेंच राजपुत्र शार्ल द व्हॅल्वा सैन्यासह शहरात आला, त्याच्या आडोशाने काळ्यांचा हद्दपार म्होरक्या कोर्सो दोनाती परतला, घरे लुटली व जाळली गेली आणि प्रायरांना मुदतीपूर्वीच पद सोडावे लागले. नवा पोदेस्ता कान्ते गाब्रिएल्ली हा गुब्बिओचा, म्हणजे नियमाप्रमाणे परगावचाच. पण तोच आता काळ्या पक्षाच्या कामी आला. २७ जानेवारी १३०२ रोजी पांढऱ्यांच्या बाजूच्या दान्तेला पाच हजार फ्लोरिन दंड आणि दोन वर्षांची हद्दपारी झाली, तर १० मार्चला, हाती सापडल्यास जिवंत जाळावे, असे फर्मान निघाले.

पांढरे गेल्यानंतरही शहर शांत झाले नाही. विजयी काळ्यांतच सत्तेसाठी झगडा सुरू झाला आणि १३०८ साली त्यांनी कोर्सो दोनातीलाच बंडखोर ठरवून शिक्षा फर्मावली. शहरातून निसटल्यावर तो पकडला गेला आणि वाटेतच मारला गेला.