"सौर-पवन वाढली की ग्रीड कोसळते": या दाव्यातला एकेक मुद्दा

स्पेन आणि पोर्तुगाल २८ एप्रिल २०२५ रोजी अंधारात गेले, तेव्हापासून एक संदेश फिरतो आहे. त्यातला दावा असा: ग्रीड जड, फिरत्या यंत्रांसाठी बांधलेली आहे; सौर-पवन वीस-पंचवीस टक्क्यांपुढे गेली की ती कोसळते; पुरावा म्हणून स्पेन पाहा, दक्षिण ऑस्ट्रेलिया पाहा; आणि हे टाळायचं तर गल्लीतल्या तारांपर्यंत सगळं उखडून नवं बसवावं लागेल. यातलं बरंचसं अर्धवट खरं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"स्पेनमध्ये ऊन-वाऱ्यानं दगा दिला." घटना दुपारी साडेबाराची, भर उन्हातली. वीज कमी पडली नव्हती, व्होल्टेज चढलं होतं. कमी भार असलेली लांब पारेषण वाहिनी स्वतःच रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता ग्रीडमध्ये ये-जा करणारी, व्होल्टेजवर परिणाम करणारी वीज) सोडते आणि व्होल्टेज वर ढकलते. ती कुणीतरी शोषून घ्यावी लागते. तिथल्या नियमांनी अक्षय ऊर्जा प्रकल्पांना ठरावीक पॉवर फॅक्टरला, निर्मिती आणि रिअॅक्टिव्ह पॉवर यांच्या ठरलेल्या प्रमाणाला, बांधून ठेवलं होतं. म्हणजे व्होल्टेज कितीही चढो, जास्त शोषायचं नाही. उलट प्रकल्पानं निर्मिती घटवली की शोषणही त्याच प्रमाणात घटणार. व्होल्टेज सांभाळण्याची जबाबदारी असलेल्या पारंपरिक वीजनिर्मिती संचांनीही अपेक्षेइतकं शोषलं नाही, असं सरकारी अहवाल सांगतो. मर्यादा ओलांडल्यावर एक प्रकल्प ट्रिप झाला (आपोआप ग्रीडपासून तुटला), त्याचं शोषण त्याच्यासोबत गेलं, व्होल्टेज आणखी चढलं आणि पुढचा ट्रिप झाला. व्होल्टेज धरण्याची क्षमता इन्व्हर्टरमध्ये (सौर-पवन वीज ग्रीडला साजेशी करून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणात) असते. ती वापरू देणारा नियम जून २०२५ मध्ये, म्हणजे घटनेनंतर, मंजूर झाला.

"इन्व्हर्टरला जडत्व नसतं." खरं आहे, पण हिशेब करून बघा. मोठा संच अचानक सुटला की फिरत्या रोटरांत साठलेली ऊर्जा ती तूट पहिल्या क्षणी भरून काढते आणि वारंवारिता (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, एरवी ५० हर्ट्झ) उतरू लागते. उतरण्याचा सुरुवातीचा वेग = तूट × ५० ÷ (२ × साठलेली ऊर्जा). ग्रीडवर १,६०,००० मेगावॉट-सेकंद ऊर्जा फिरत असेल आणि १,००० मेगावॉट गेले, तर वारंवारिता सेकंदाला ०.१६ हर्ट्झनं घसरते. ऊर्जा चौथाईवर आली तर ०.६३ हर्ट्झनं. ब्रिटनमध्ये ४८.८ हर्ट्झला ग्राहकांचा पुरवठा आपोआप तुटू लागतो. मध्ये काहीच आवर घातला नाही, तर पहिल्या स्थितीत तिथवर पोचायला साधारण साडेसात सेकंद लागतात, दुसऱ्या स्थितीत दोनही नाहीत. एवढ्या वेळात वाफेच्या टर्बाइनच्या गव्हर्नरकडून (वाफ कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रकाकडून) फारसं काही होत नाही. बॅटरी मात्र सेकंदाच्या आत पूर्ण क्षमतेनं वीज देऊ शकते. तिच्या जोडीला सिंक्रोनस कंडेन्सर बसवतात: इंधनाविना ग्रीडवरच फिरत राहणारं जनित्रासारखं यंत्र, शाफ्टला फ्लायव्हील जोडलेलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये अशी चार यंत्रं सुरू झाली.

छोट्या प्रकल्पांचे रिले (धोका दिसला की प्रकल्प ग्रीडपासून तोडणारी उपकरणं) ही गोष्ट तर संदेश लिहिणाऱ्यांच्या गावीही नसते. ब्रिटनमधले अनेक रिले ०.१२५ हर्ट्झ प्रति सेकंद एवढ्या वेगावर सुटायला लावलेले होते. वरच्या हिशेबातली पहिली, निर्धास्त वाटणारी स्थितीही त्यांना सोडवायला पुरेशी आहे! ९ ऑगस्ट २०१९ रोजी वाहिनीवर वीज पडली, पाठोपाठ एक सागरी पवन प्रकल्प, एक गॅस केंद्र आणि असे विखुरलेले छोटे प्रकल्प सुटले. दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आता तिथली सेटिंग १ हर्ट्झ प्रति सेकंद, तीही अर्ध्या सेकंदाच्या विलंबासह, अशी आहे.

"दक्षिण ऑस्ट्रेलियात पवनचक्क्यांनीच घात केला." २८ सप्टेंबर २०१६ला वादळानं पारेषणाचे मनोरे पाडले आणि दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज कोसळलं. पवनचक्क्या वाऱ्यामुळे थांबल्या नाहीत. ठरावीक काळात इतकेच झटके सोसायचे, पुढच्याला निर्मिती घटवायची, अशी मर्यादा त्यांच्या नियंत्रकांत भरलेली होती आणि ग्रीड चालवणाऱ्यांना ती ठाऊक नव्हती. नऊ प्रकल्पांनी मिळून ४५६ मेगावॉट काही सेकंदांत सोडले, तो भार शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर आला आणि तीही सुटली. सेटिंग नंतर बदलण्यात आली. आज त्याच राज्याची वर्षभराची सुमारे ७० टक्के वीज पवन-सौरातून येते.

इथेच वीस-पंचवीस टक्क्यांची गोष्टही संपते. आयर्लंडमध्ये कोणत्याही क्षणी इन्व्हर्टरमार्फत येणाऱ्या विजेची मर्यादा ५० टक्क्यांवरून पायरीपायरीनं वाढवत २०२२ मध्ये ७५ वर नेली. मर्यादा असते, पण ती तपासून सरकवता येते.

संदेशात नसलेली, पण खरोखर अवघड अशी अडचण शॉर्ट सर्किटची आहे. सिंक्रोनस जनित्र (ग्रीडच्या तालावर फिरणारं पारंपरिक जनित्र) दोषाच्या, म्हणजे शॉर्ट सर्किटच्या, क्षणी रेटिंगच्या पाच-सहा पट प्रवाह देतं, इन्व्हर्टर जेमतेम १.१ ते १.५ पट. जास्त प्रवाह दिसला की तोडणाऱ्या रिलेला मग दोष आणि साधा भार यांतला फरक कळत नाही. तिथे वाहिनीच्या दोन्ही टोकांचा प्रवाह ताडून पाहणारं डिफरन्शियल संरक्षण लागतं, आणि त्यासाठी दोन टोकांमध्ये भरवशाचा संपर्कदुवा. हा खर्च खरा आहे आणि तो टाळता येत नाही.

"गल्लीतल्या सगळ्या तारा बदलाव्या लागतील." समजा ९५ चौ. मिमी अॅल्युमिनियमची ५०० मीटर वाहिनी आहे, रोध ०.१६ ओहम. टोकाला ५० किलोवॉट सौर वीज तिन्ही फेजमध्ये सारखी वाटून आली, तर ४०० व्होल्टवर ५०,००० × ०.१६ ÷ ४०० = २० व्होल्ट चढतात, म्हणजे ५ टक्के. संध्याकाळची घसरण भरून काढायला ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज पायरीपायरीनं कमी-जास्त करण्याची सोय) आधीच वर ठेवलेला असतो. त्यामुळे १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते आणि इन्व्हर्टर ऐन दुपारी बंद पडतात.

आधी फेज तपासा. तेवढीच वीज एकाच फेजवर आली आणि न्यूट्रल तेवढ्याच जाडीची असेल, तर चढ सहापट होतो. मग पुरवठा बंद करून टॅप एक पायरी खाली घ्या आणि संध्याकाळी शेवटच्या घरी व्होल्टेज मोजा. त्यानंतर इन्व्हर्टरला रिअॅक्टिव्ह पॉवर शोषायला लावा, पण फार आशा ठेवू नका: अशा वाहिनीत रोध हा रिअॅक्टन्सच्या (तारेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे होणाऱ्या अडथळ्याच्या) जवळपास चौपट असतो, म्हणून एक किलोवॉटनं चढवलेलं व्होल्टेज उतरवायला सुमारे चार किलोव्हार (रिअॅक्टिव्ह पॉवरचं एकक) लागतात. पुढचा टप्पा भार चालू असताना टॅप बदलणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा. जाड तार सगळ्यात शेवटी, आणि तीही अडलेल्या वाहिनीवरच.

"रात्रीचं काय?" बॅटरी सेकंद सांभाळते आणि संध्याकाळचे चार-सहा तास. वारा आठवडाभर पडला तर ती पुरत नाही. तिथे जलाशय, दूरच्या हवामानाशी जोडणाऱ्या पारेषण वाहिन्या आणि वर्षातून थोडेच दिवस चालणारी राखीव केंद्रं लागतात. ती राखीव केंद्रं बहुतेक काळ बंद असूनही त्यांना पैसे कोण आणि कशाचे देणार, हे संदेश पसरवणारं कुणीच विचारत नाही.