‘हे तर रेफ्रिजरेशनच आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

क्रायोजेनिक इंजिनिअरिंगच्या (नायट्रोजन, हीलियमसारखे वायू द्रव होतात इतक्या थंड तापमानांच्या अभियांत्रिकीच्या) मूलतत्त्वांवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. उत्तर दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून स्वतंत्र लिहितो आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचा आक्षेप थोडक्यात सांगतो. तुमच्या मते क्रायोजेनिक्स म्हणजे रेफ्रिजरेशनच, फक्त तापमान आणखी खाली. कार्नो (आदर्श मशीनला किमान किती काम लागतं त्याचा नियम), थ्रॉटलिंग (वायू अरुंद वाटेतून सोडून दाब उतरवणं), उष्णतावहन हे सगळं मेकॅनिकलच्या मुलांचं आधीच झालेलं असतं. असं असताना मी अर्धा लेख इन्सुलेशन, सपोर्ट आणि धातूंवर खर्च केला आणि परीक्षेत हमखास येणाऱ्या द्रवीकरणाच्या सायकली दोन परिच्छेदांत उरकल्या.

नियम तेच आहेत, यात वाद नाही. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम ४ केल्विनलाही, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या चारच अंश वर, तोच असतो. पण त्या नियमांतून निघणारे आकडे इतके बदलतात की डिझाइन कुठून सुरू करायचं तेच उलटं होतं. रेफ्रिजरेशनमध्ये आपण आधी विचारतो, किती टनांचं मशीन लागेल? क्रायोजेनिक्समध्ये आधी विचारावं लागतं, उष्णता आत कुठून शिरते आहे? लेखाचा अर्धा भाग इन्सुलेशनला दिला तो यासाठी, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

कार्नोचंच घ्या. बाहेर ३०० केल्विन धरू. २५० केल्विनच्या फ्रीझरमधून १ वॅट उष्णता बाहेर काढायला आदर्श मशीनला ०.२ वॅट पुरतात. ७७ केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, २.९ वॅट लागतात. द्रव हायड्रोजनच्या २० केल्विनला १४, आणि द्रव हीलियमच्या ४.२ केल्विनला ७०. ही झाली आदर्श मशीनची गोष्ट. मोठमोठे हीलियम प्लांटसुद्धा कार्नोच्या साधारण पाव ते तृतीयांश कार्यक्षमतेवर चालतात, म्हणजे ४.५ केल्विनच्या एका वॅटसाठी दोन-अडीचशे वॅट वीज मोजावी लागते. लहान क्रायोकूलरमध्ये, म्हणजे या तापमानांसाठीच्या छोट्या शीतयंत्रात, तोच आकडा हजारांत जातो. ‘फक्त तापमान आणखी खाली’ असं म्हणताना आपण सेल्सिअसच्या पट्टीवर विचार करत असतो. इथे फरक मोजून भागत नाही, गुणोत्तर बघावं लागतं. ३०० वरून ७७ वर येणं म्हणजे तापमान चौथ्या हिश्शावर आणणं. ७७ वरून ४.२ वर येणं म्हणजे ते अठराव्या हिश्शावर आणणं, अंश जरी त्र्याहत्तरच दिसत असले तरी.

त्यात हीलियमची आणखी एक अडचण आहे. त्याची बाष्पीभवनाची सुप्त उष्णता किलोला जेमतेम २१ किलोज्यूल, आणि द्रवाची घनता पाण्याच्या आठव्या हिश्शाएवढी. त्यामुळे १ वॅट उष्णता आत शिरली की तासाला जवळपास १.४ लिटर द्रव हीलियम उडून जातो. तोच वॅट द्रव नायट्रोजनमध्ये शिरला तर तासाला ०.०२२ लिटर उडतो. साठपटींहून अधिक फरक.

आता एक उदाहरण सोडवून दाखवतो, कारण ‘उष्णतावहन तर झालेलं असतं’ हे तुमचं वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं. हीलियमची टाकी स्टेनलेस स्टीलच्या एका नळीवर टांगलेली आहे. नळीच्या धातूचं छेदक्षेत्र १ चौरस सेंटिमीटर, लांबी २० सेंटिमीटर, वरचं टोक ३०० केल्विनला, खालचं ४ केल्विनला. विद्यार्थी फूरियरचा नियम (वाहकता × क्षेत्र × तापमानातला फरक ÷ लांबी) लावतो, कोष्टकातून स्टीलची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला १५ वॅट घेतो आणि २.२ वॅट असं उत्तर काढतो. पण १५ हा आकडा खोलीच्या तापमानाचा. ७७ केल्विनला तो साधारण ८ होतो आणि ४ केल्विनला ०.३ च्याही खाली जातो. म्हणून इथे वाहकतेचं तापमानावर इंटिग्रल घ्यावं लागतं, म्हणजे प्रत्येक तापमानाची वाहकता धरून बेरीज करावी लागते. ४ ते ३०० केल्विनसाठी ते मीटरला सुमारे ३०६० वॅट येतं, आणि त्यावरून उत्तर येतं १.५ वॅट. म्हणजे पहिलं उत्तर चाळीस टक्क्यांहून जास्त चुकलेलं. आणि या दीड वॅटनेही दिवसाला पन्नास लिटर हीलियम उडतो!

मग याच नळीच्या मध्यावर, खालच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर, एक तांब्याची पट्टी जोडून ती द्रव नायट्रोजनच्या टाकीला भिडवू. नळीचा तो बिंदू ७७ केल्विनला बांधला गेला. ४ ते ७७ केल्विनमधलं इंटिग्रल मीटरला फक्त ३२० वॅटच्या आसपास आहे, त्यामुळे हीलियमकडे जाणारी उष्णता उरते ०.३२ वॅट. दिवसाला पन्नासऐवजी साधारण अकरा लिटर. बाकीचे सुमारे २.४ वॅट नायट्रोजन अंगावर घेतो, त्यात त्याचा दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास खर्च होतो. नळी तीच, धातू तोच. आदर्श मशीनच्या हिशोबात मांडलं तर आधी १०७ वॅट लागत होते, आता ३० पुरतात. पट्टी नेमकी कुठे जोडावी, हाही एक सुंदर प्रश्न आहे. ४.२ आणि ७७ केल्विन या दोन तापमानांना कार्नोचं काम लावून बेरीज किमान करा, पट्टी मध्यापेक्षा थोडी वर, थंड टोकापासून साडेबारा सेंटिमीटरच्या जवळपास जायला हवी असं दिसेल. दुसऱ्या वर्षाचं कॅल्क्युलस आणि थर्मो इथे एकाच गणितात भेटतात. रेफ्रिजरेशनच्या पेपरात असा प्रश्न सहसा येत नाही, कारण तिथे त्याची गरजच पडत नाही.

एवढ्यावर हे थांबत नाही. उडून गेलेली हीलियमची वाफ ४.२ केल्विनलाच असते. तिला ३०० केल्विनपर्यंत तापू दिलं तर ती किलोला सुमारे १५४० किलोज्यूल उष्णता शोषते, म्हणजे सुप्त उष्णतेच्या जवळजवळ पंचाहत्तरपट! ही वाफ नळीच्या अंगाने वर नेली, तर वरून येणारी उष्णता टाकीपर्यंत पोहोचण्याआधीच बरीचशी तीच उचलते. नायट्रोजनमध्ये या दोन आकड्यांत फारसा फरक नाही, म्हणून तिथे या युक्तीचा एवढा फायदा होत नाही. कोणत्या द्रवासाठी कोणती युक्ती, हे असं गुणधर्मांवरून ठरतं.

प्रारणाबद्दल (रेडिएशनबद्दल) थोडक्यात. उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने जाते, म्हणून ३०० केल्विनचा पृष्ठभाग ७७ केल्विनच्या पृष्ठभागाच्या सुमारे २३० पट प्रारण सोडतो. स्कॉटिश शास्त्रज्ञ ड्यूअरने १८९२ मध्ये दुहेरी भिंतींत निर्वात पोकळी ठेवून हवेतून होणारं वहन थांबवलं आणि भिंतींना चांदीचा मुलामा देऊन प्रारण कमी केलं. आज मध्ये थंड शिल्ड आणि ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेल्या फिल्मचे अनेक पदर असतात. तत्त्व तेच.

धातूंचा भाग ‘मटेरियल सायन्सचा’ म्हणून वगळावा असं तुम्ही सुचवलंत. ते मला पटत नाही. साधं कार्बन स्टील थंडीत ठिसूळ होतं, कारण त्याची स्फटिकरचना बॉडी-सेंटर्ड आहे (अणू घनाच्या कोपऱ्यांत आणि मध्यभागी). फेस-सेंटर्ड रचनेचे (अणू कोपऱ्यांत आणि बाजूंच्या मध्यावर) तांबं, ॲल्युमिनियम आणि ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टील ४ केल्विनलाही तग धरतात. हे एक वाक्य पाठ करून भागेल, पण आकुंचनाचं तसं नाही. ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील खोलीच्या तापमानापासून ७७ केल्विनपर्यंत सुमारे ०.२८ टक्के आखडतं. दहा मीटरचा पाइप जवळजवळ तीन सेंटिमीटरने. दोन्ही टोकं पक्की जखडली तर लवचीकतेच्या साध्या हिशोबाने ताण ५५० मेगापास्कलच्या पुढे जातो. या स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे ज्याच्या पुढे धातू कायमचा ताणला जातो तो ताण, खोलीच्या तापमानाला २०० च्या आसपास असते. म्हणून अशा पाइपात बेलोज (घड्यांची लवचीक नळी) किंवा वळणं घालावीच लागतात. टेफ्लॉन तर दोन टक्क्यांच्या आसपास आखडतं, म्हणून खोलीच्या तापमानाला घट्ट बसलेलं सील थंडीत गळायला लागतं. हे सगळं शुद्ध मेकॅनिकल डिझाइन आहे, आणि इथे आपली मुलं जे योगदान देऊ शकतात ते भौतिकशास्त्रातले पदवीधर सहसा देऊ शकत नाहीत.

आता सायकलींकडे येतो, कारण तुमचा खरा रोख तिकडे आहे. रेफ्रिजरेशनमध्ये कॉम्प्रेसरमधून निघालेला वायू खोलीच्या तापमानाला, हवेने किंवा पाण्याने, कंडेन्स होतो. नायट्रोजनचं क्रांतिक तापमान १२६ केल्विन आहे. त्याच्या वर, म्हणून खोलीच्या तापमानालाही, कितीही दाब द्या, तो द्रव होणार नाही. २०० बारपर्यंत दाबून ३०० केल्विनला थ्रॉटल केला तर तो तीसेक अंश थंड होतो, बस्स. लिंडे आणि हॅम्पसन यांनी १८९५ मध्ये स्वतंत्रपणे जे केलं ते हे : हा थोडा थंड झालेला वायू मागे फिरवायचा, येणाऱ्या वायूला त्यानेच गार करायचं, आणि हे पुन्हापुन्हा करत द्रवाच्या तापमानापर्यंत उतरायचं. म्हणजे या सायकलीत सगळा भार थ्रॉटल व्हॉल्व्हपेक्षा हीट एक्स्चेंजरवर असतो.

किती भार, ते बघा. १ बार आणि २०० बार यांच्यामध्ये ३०० केल्विनला नायट्रोजनच्या एन्थॅल्पीत (वाहत्या वायूतल्या एकूण ऊर्जेच्या मापात) किलोमागे सुमारे ३२ किलोज्यूलचा फरक आहे. खोलीतल्या वायूपासून संपृक्त द्रवापर्यंतचा फरक ४३३. दोन्हींचा भागाकार केला की द्रवाचं प्रमाण येतं ७ टक्क्यांच्या थोडं वर. पण हे एक्स्चेंजर निर्दोष धरल्यावर. त्याचा इफेक्टिव्हनेस (जास्तीत जास्त शक्य उष्णतेपैकी प्रत्यक्षात किती देवाणघेवाण होते ते प्रमाण) ९५ टक्के असेल, तर द्रव पाच टक्क्यांच्याही खाली येतो, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त उत्पादन गेलं. आणि ८६ टक्क्यांच्या आसपास आला की एक थेंबही द्रव मिळत नाही, कॉम्प्रेसर कितीही वेळ चालवा. एरवी ८० टक्क्यांचा एक्स्चेंजर अनेक ठिकाणी चांगला समजला जातो. परीक्षेत लिंडे सायकलची आकृती काढून सूत्र लिहिणाऱ्या मुलाला हा आकडा माहीत नसेल, तर त्याला सायकल आली असं मी म्हणणार नाही.

हायड्रोजन आणि हीलियमची गोष्ट त्याहून वेगळी. त्यांचं इन्व्हर्शन तापमान, म्हणजे ज्याच्या खालीच थ्रॉटल केल्यावर वायू थंड होतो ते, अनुक्रमे २०५ आणि सुमारे ४५ केल्विन. खोलीच्या तापमानाला थ्रॉटल केले तर ते उलट तापतात. म्हणून ड्यूअरला १८९८ मध्ये हायड्रोजन आधी द्रव हवेने गार करावा लागला, आणि नेदरलँड्समधल्या लायडनला कामरलिंग ओनेसला १० जुलै १९०८ रोजी हीलियमसाठी आधी द्रव हायड्रोजन तयार ठेवावा लागला. क्लॉडने १९०२ मध्ये वायूकडून एक्सपांडरमध्ये, म्हणजे पसरणारा वायू ज्याला ढकलतो अशा यंत्रात, काम करून घेतलं. तिथे इन्व्हर्शन तापमानाची अट राहत नाही, वायू थंड होतोच. पुढे कापित्साने १९३४ मध्ये हीलियमसाठी एक्सपांडर वापरला आणि द्रव हायड्रोजनची गरज संपवली.

हायड्रोजनचं आणखी एक प्रकरण आहे जे रेफ्रिजरेशनच्या पुस्तकात सहसा नसतं. खोलीच्या तापमानाला त्याचे तीन चतुर्थांश रेणू ऑर्थो प्रकारचे (दोन्ही अणुकेंद्रांचे स्पिन एकाच दिशेने) असतात, तर २० केल्विनला समतोलात जवळपास सगळे पॅरा (स्पिन विरुद्ध दिशांना) असायला हवेत. हा बदल आपोआप होतो, पण सावकाश, आणि त्यात किलोला सुमारे ५२७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. बाष्पीभवनाची सुप्त उष्णता आहे ४४६. म्हणजे घाईने द्रव करून टाकीत भरलेला हायड्रोजन, बाहेरून जराही उष्णता न शिरता, साठवणीतच स्वतःच्या उष्णतेने बऱ्याच प्रमाणात उकळून जाईल. म्हणून द्रवीकरण चालू असतानाच फेरिक ऑक्साइडसारखा उत्प्रेरक वापरून हा बदल उरकून घेतात. कितीही उत्तम इन्सुलेशन केलं तरी ही उष्णता आतलीच आहे, ती थांबवता येत नाही.

सुरक्षिततेचा परिच्छेद तुम्हाला ‘पाल्हाळ’ वाटला. तो मी काढणार नाही. द्रव नायट्रोजनचा वायू झाला की आकारमान जवळपास ७०० पट होतं. दोन बंद व्हॉल्व्हांच्या मध्ये पाइपात थोडा द्रव अडकला आणि पाइप तापला, तर दाब शेकडो बारच्या पुढे जाऊन पाइप फुटतो. म्हणून अशा प्रत्येक बंद होऊ शकणाऱ्या तुकड्याला स्वतःचा रिलीफ व्हॉल्व्ह हवा, हे ड्रॉइंग करतानाच लक्षात यायला हवं. नायट्रोजनच्या उघड्या पाइपावर हवा द्रव होऊन ठिबकते आणि त्या थेंबांत ऑक्सिजन निम्म्याच्या आसपास असतो. खाली तेल सांडलेलं असेल तर आगीला निमित्त मिळतं. आणि बंद खोलीत सांडलेल्या नायट्रोजनला रंग नाही, वास नाही, गुदमरतंय हे माणसाला कळतही नाही. विद्यार्थी प्रयोगशाळेत पाऊल ठेवतो त्या दिवशी त्याला क्लॉड सायकलच्या आधी हे ठाऊक असलं पाहिजे.

क्लॉड सायकलची संपूर्ण आकडेमोड हवी, ही तुमची मागणी मात्र रास्त आहे. पुढच्या लेखात नायट्रोजनच्या एन्थॅल्पीच्या आकड्यांसह ती करतो : एक्सपांडरकडे किती टक्के वायू वळवायचा, तो कोणत्या तापमानाला वळवायचा, आणि द्रवाचं प्रमाण त्यावर कसं बदलतं. एक्स्चेंजरचा इफेक्टिव्हनेस ९५ आणि ९८ टक्के धरून दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी देईन. तोवर तुमच्याकडे एखाद्या प्लांटची खरी रीडिंग असतील तर जरूर पाठवा, त्यांवरच गणित मांडता येईल.